नीसची हवा खा, पण गोळ्या चुकवू नका

युरोपच्या सहलीला निघालेले मधुमेहाचे किंवा रक्तदाबाचे रुग्ण दवाखान्यात एक प्रश्न हमखास विचारतात. ‘तिकडची हवा चांगली असते म्हणे. तेवढे दिवस गोळ्या बंद ठेवल्या तर चालेल का?’ उत्तर ‘नाही’ असेच आहे. पण नुसते ‘नाही’ म्हणून भागत नाही, कारण हवापालटावरचा विश्वास फार जुना आहे. तो कुठवर खरा आणि कुठे फसवा, हे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस या शहराकडे पाहिले की चांगले कळते.

एका बाजूला निळाशार भूमध्य समुद्र आणि पाठीशी आल्प्सचे डोंगर, यामुळे नीसचा हिवाळा सौम्य असतो. म्हणून अठराव्या शतकापासून इंग्लंडचे आणि पुढे रशियाचे श्रीमंत लोक थंडीत येथे मुक्काम ठोकत. त्यांत छातीच्या विकारांचे रोगी पुष्कळ असत. इंग्रजी लेखक स्मॉलेट १७६३ मध्ये येथे आला. रशियन लेखक चेकॉव्ह क्षयाने आजारी असताना १८९७ च्या हिवाळ्यात येथे राहिला. दोघेही पेशाने डॉक्टर होते, हे लक्षात घ्या. आपल्याकडे क्षयरोग्याला पाचगणीला पाठवत, त्यातलाच हा प्रकार. अशा ठिकाणी माणसाला आराम पडे, भूक लागे, मन रमे. पण रोग जात नसे. चेकॉव्ह १९०४ मध्ये वयाच्या ४४ व्या वर्षी क्षयानेच गेला. क्षयाचा जंतू कॉख यांनी १८८२ मध्ये दाखवून दिला होता, पण त्यावर लागू पडणारे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ साल उजाडावे लागले. हवेने साथ दिली, रोग हटवला तो औषधाने.

मग नीसला जाऊच नये का? ऐपत असेल तर जरूर जावे. पण औषध म्हणून नव्हे, तर तिथले खाणे, चित्रे आणि देखावा यांसाठी जावे. या तिन्हींचा आरोग्याशी संबंध आहेच.

आधी खाण्याचे पाहू. नीसच्या जुन्या गावात ‘सोक्का’ मिळतो. हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल कालवून ते मोठ्या तांब्याच्या परातीत, भट्टीत भाजतात आणि वर मिरपूड घालतात. म्हणजे आपल्या बेसनाच्या धिरड्याचे भावंडच! वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची, कांदा यांची ‘रातातुई’ ही भाजीही आपल्या जिभेला परकी वाटणार नाही. शाकाहारी मंडळींनी मात्र कांद्याच्या पिझ्झासारख्या दिसणाऱ्या ‘पिसालादिएर’पासून जपावे. त्यात खारवलेले मासे असतात.

या किनाऱ्यावरच्या खाण्याची कीर्ती हृदयविकाराच्या अभ्यासातून जगभर झाली. अमेरिकन संशोधक अँसेल कीज यांनी १९५८ मध्ये सात देशांतील पाहणी सुरू केली. त्यात फ्रान्स नव्हता, पण इटली आणि ग्रीस होते. डाळी-कडधान्ये, भाज्या, फळे, मासे आणि ऑलिव्हचे तेल भरपूर, तर मांस व गोड बेताचे, असा हा आहार. स्पेनमध्ये सुमारे ७,४०० लोकांवर झालेल्या चाचणीतही असा आहार, जोडीला ऑलिव्ह तेल किंवा अक्रोड-बदाम, घेणाऱ्यांत हृदयविकार व पक्षाघात कमी आढळले. पण तेथे अख्खे ताट बदलले होते. आपण दुकानातून महागडी बाटली आणतो आणि पुरी, फरसाण, साखरेचा चहा तसेच चालू ठेवतो. अशाने तेलाचा खर्च तेवढा वाढतो, दुसरे काही नाही.

आता चित्रे. आंरी मातीस हा नामवंत चित्रकार १९१७ च्या अखेरीस नीसला आला आणि पुढे इथलाच झाला. १९४१ मध्ये त्याच्यावर पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली. उभे राहून काम करणे कठीण झाले, तेव्हा अंथरुणात व चाकांच्या खुर्चीत बसून तो रंगवलेले कागद कात्रीने कापू लागला आणि त्यांतून अप्रतिम चित्रे घडवली. १९५४ पर्यंत तो जगला. ही वर्षे त्याला दिली ती ल्यों शहरातल्या शस्त्रक्रियेने. ती कशी घालवायची हे त्याने स्वतः ठरवले. दीर्घ आजाराच्या रुग्णांनी सिमिए भागातले त्याचे संग्रहालय सावकाश पाहावे, ते यासाठी.

आणि देखावा! समुद्रालगतचा लांबलचक ‘इंग्रजांचा फेरफटका’ हा रस्ता १८२० च्या दशकात सुरू झाला. इंग्रज पाहुण्यांनी वर्गणी काढून, कडक थंडीने काम गेलेल्या गरिबांकडून तो करून घेतला. सकाळ-संध्याकाळ तेथे चालणे, यासारखा व्यायाम नाही.

परंतु ‘दहा दिवसांत सात देश’ अशा सहलीत यातले काहीच हाती लागत नाही. दिवसभर बसमध्ये बसायचे, अवेळी खायचे, उतरून फोटो काढायचा आणि पुन्हा बसायचे. माझे स्पष्ट मत असे, की पन्नाशीपुढच्या माणसाने एकच शहर निवडून चार-पाच दिवस तेथे राहावे.

जाणाऱ्यांनी काही गोष्टी सांभाळाव्यात. निघण्यापूर्वी महिनाभर रोज चालण्याचा सराव करावा. गोळ्या व इन्शुलिन, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवावे. विमानाच्या पोटातील सामानात इन्शुलिन गोठून निकामी होऊ शकते. नीसचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन व हिवाळ्यात साडेचार तास मागे असते, म्हणून डोसांच्या वेळा आधीच विचारून घ्याव्यात. विमानात अधूनमधून उठून फिरावे. तिथले लोक जेवताना वाइन घेतात म्हणून मधुमेहींनी अनुकरण करू नये; काही औषधांबरोबर साखर एकदम उतरते. शेवटची गोष्ट पायांची. नीसच्या किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत आणि ते उन्हात तापतात. पायांची संवेदना कमी झालेल्या मधुमेहींनी तेथे अनवाणी मुळीच फिरू नये. जखम झालेली कळत नाही आणि घरी परतल्यावर ती चिघळते.

ज्यांना जाणे शक्य नाही, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. बेताच्या तेलातले धिरडे, हिरवी भाजी आणि गावाबाहेरच्या रस्त्यावर रोज अर्धा तास चालणे, एवढे आजपासून सुरू करता येईल. गोळ्या अर्थातच चालू ठेवून.