आमची फाईल आमच्या हाती द्या

रुग्णालयात दाखल असलेल्या माणसाचं रक्त सकाळी तपासायला जातं आणि दुपारपर्यंत त्याचे पैसे बिलात चढलेले असतात. तपासणीत काय निघालं हे मात्र ज्याचं रक्त काढलं त्याला संध्याकाळच्या राउंडला कळतं, तेही एका वाक्यात: "रिपोर्ट ठीक आहेत, काळजी करू नका." कागद सिस्टरच्या टेबलावरच्या फाईलमध्ये असतो. ती फाईल नातेवाइकाने उघडली तर चोरी पकडल्यासारखा गजर होतो. रिपोर्टची प्रत पेशंटला द्यायची की नाही, हा वाद कायद्याने केव्हाच मिटवला आहे. माझं म्हणणं पुढचं आहे. ही प्रत न मागता मिळाली पाहिजे, आणि उपयोग आहे तोवर मिळाली पाहिजे.

१. हक्क नवा नाही. १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयाने रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या प्रकरणात स्पष्ट केलं की, केसपेपर गोपनीय असल्याचं सांगून डॉक्टर किंवा रुग्णालय ते खुद्द रुग्णाला किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाला नाकारू शकत नाही. गोपनीयता असते ती तिऱ्हाइतापासून. ज्याचं दुखणं त्याच्यापासूनच ते लपवायचं, हा गोपनीयतेचा अर्थ कुठल्याच शास्त्रात बसत नाही. पुढे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेने मुदतही घालून दिली: रुग्णाने, त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने किंवा कायदेशीर यंत्रणेने मागणी केली की तिची पोच द्यायची आणि ७२ तासांच्या आत कागद द्यायचे. न देणं हे गैरवर्तन, आणि त्यासाठी डॉक्टरवर कारवाई होऊ शकते. ऑगस्ट २०२३मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम आणले आणि त्याच महिन्यात ते स्थगित करून जुने पुन्हा लागू केले, त्यामुळे कुणी "नियम बदललेत" असं सांगत असेल तर त्यात तथ्य नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८च्या रुग्ण हक्क सनदेत १७ हक्क आहेत. त्यातला दुसराच हक्क रेकॉर्ड आणि रिपोर्टचा आहे.

२. खरा अडथळा "नाही" या शब्दाचा नसतो, "आत्ता नाही" याचा असतो. "पेशंट ॲडमिट आहे तोवर कागद बाहेर जात नाहीत." "डिस्चार्जच्या वेळी सगळं एकदम मिळेल." "एमआरडीवाले (म्हणजे रेकॉर्ड विभागातले) सोमवारी येतील." महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात ज्याने आठवडाभर रुग्णालयाच्या जिन्यात काढला आहे त्याला ही वाक्यं पाठ असतात. आणि इथेच सगळं नुकसान होतं. रिपोर्टची गरज सर्वांत जास्त केव्हा असते? ऑपरेशन करायचं की थांबायचं, व्हेंटिलेटर लावायचा की नाही, पेशंट इथेच ठेवायचा की दुसरीकडे न्यायचा, हे ठरवायच्या घडीला. गावच्या ओळखीच्या डॉक्टरांना फोनवर विचारायचं तर हातात क्रिएटिनिनचा आकडा तरी हवा, सीटी स्कॅनचा लेखी निष्कर्ष तरी हवा. तो नसेल तर फोनवरचे डॉक्टरही एवढंच म्हणतात, "मी न बघता काय सांगू?" दुसरं मत घेण्याचा हक्क भिंतीवरच्या फलकावर लिहिलेला असतो, आणि त्या मतासाठी लागणारे कागद कपाटात असतात.

मानवी हक्क आयोगाच्या सनदेने हा फरक ओळखला आहे. दाखल असताना शक्यतो २४ तासांत आणि डिस्चार्जनंतर ७२ तासांत, अशा दोन वेगळ्या मुदती तिने घातल्या आहेत. त्यातला "शक्यतो" हा शब्द काढून टाकावा, असं मला वाटतं. अतिदक्षता विभागात तीन दिवसांत माणूस सुधारतो तरी किंवा जातो तरी. तिथे ७२ तासांची मुदत म्हणजे निर्णय झाल्यावर मिळालेली माहिती.

३. "बिल भरा, मग फाईल." हे उघड बेकायदेशीर आहे आणि सर्रास चालतं. बिल थकलं तर ते वसूल करायला दिवाणी मार्ग आहेत. रिपोर्ट गहाण ठेवून घ्यायला रुग्णालय हे सावकाराचं दुकान नाही. झेरॉक्सचा रास्त खर्च घ्यावा, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण प्रत्येक पानाला मनाला येईल तो दर लावणं किंवा "फाईल रिट्रायव्हल चार्जेस" अशी ओळ पावतीवर घालणं, हे नकाराचंच दुसरं रूप झालं.

विम्याचं याहून वेगळं आहे. परताव्यासाठी विमा कंपनी मूळ रिपोर्ट मागते, घरातले सगळा गठ्ठा बांधून पाठवून देतात आणि सहा महिन्यांनी पुन्हा दुखणं उठलं की नव्या डॉक्टरांपुढे रिकाम्या हाताने बसतात. गठ्ठा जाण्याआधी त्याची प्रत काढून ठेवा. हे काम आपलंच आहे.

४. डॉक्टरांच्या बाजूचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे, कारण तो सगळाच बहाणा नसतो. लाल अक्षरातला एक आकडा बघून नातेवाईक घाबरतात, गुगलवर काहीतरी वाचून येतात, आणि वॉर्डात एकाच वेळी चाळीस पेशंट असताना निवासी डॉक्टरने प्रत्येकाला समजावत बसायचं कसं? शिवाय मारहाणीची भीती आहे. ती खोटी नाही, महाराष्ट्राला २०१० साली त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. पण या भीतीचा इलाज कागद लपवणं हा नव्हे. पेशंट दगावल्यावर ज्या घरात पहिला प्रश्न "नेमकं काय झालं?" हा असतो, त्या घराला दोन आठवडे फाईल मिळाली नाही की प्रश्नाचा संशय होतो आणि संशयाचा वकील होतो. रोजचे रिपोर्ट रोज हातात पडत असतील तर पेशंट खालावत चालला आहे हे घरच्यांनाही आकड्यांत दिसतं. प्रामाणिक डॉक्टरला याहून चांगलं संरक्षण नाही.

आणखी एक गोष्ट बोलून दाखवायला हवी. उशिरा मिळालेली फाईल आणि वेळेवर मिळालेली फाईल एकच असते, याची खात्री पेशंटला कोण देणार? एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या आठ दिवसांच्या नोंदी पाहिल्या की शंका येते, ती येऊ नये म्हणून तरी रोजची प्रत रोज द्यावी. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता खटल्यात पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. त्यानंतर ग्राहक आयोगांनी रेकॉर्ड न देणं हीच सेवेतली त्रुटी असल्याचं वेळोवेळी मानलं आहे. कागद दडवून खटला सोपा होत नाही.

५. हक्क मुलाचा नाही, पेशंटचा आहे. हे आपल्या घरांना ऐकायला जड जातं. "बाबांना कॅन्सरचं सांगू नका, ते खचतील," असं डॉक्टरांना केबिनबाहेर गाठून सांगणारा मुलगा वाईट नसतो. पण सत्तरीच्या ज्या माणसाने जमिनीचे व्यवहार केले, मुलींची लग्नं लावली, त्याला स्वतःच्या बायोप्सीचा कागद वाचायचा अधिकार नाही, हे ठरवणारे आपण कोण? त्याला कुणाला काही सांगायचं असेल, काही लिहून ठेवायचं असेल, केमो नको म्हणायचं असेल. बायकांच्या बाबतीत तर हे आणखी सहज होतं: रिपोर्ट नवऱ्याच्या हातात, सही नवऱ्याची, आणि गर्भाशय काढलं ते नेमकं कशासाठी हे तिला वर्षानुवर्षं माहीत नसतं.

"पेशंटला मानसिक धक्का बसेल" हे कारण कितपत टिकतं, ते २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २५वरून पाहता येतं. मनोरुग्णालाही स्वतःच्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क आहे. गंभीर मानसिक हानीची किंवा इतरांना इजेची शक्यता असेल तरच त्यातली विशिष्ट माहिती रोखता येते, आणि तेव्हाही "तुम्ही याविरुद्ध मंडळाकडे दाद मागू शकता" हे त्याला सांगावं लागतं. मनाच्या आजारात ही शिस्त असेल, तर हर्नियाच्या पेशंटला धक्का बसेल म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यावं? सोनोग्राफीत गर्भाचं लिंग सांगायला १९९४च्या कायद्याने बंदी आहे, ती योग्यच आहे. तिचा आधार घेऊन बाकीचा रिपोर्ट अडवता येत नाही.

६. सरकारी रुग्णालयात दुखणं वेगळं आहे. तिथे सहसा कुणी मुद्दाम अडवत नाही. फिल्म संपलेली असते, प्रिंटर बंद असतो, आणि एक्स-रे मशीनच्या पडद्याचा मोबाईलवर फोटो काढून घ्या म्हणतात. ज्याच्याकडे साधा फोन आहे त्याने काय करायचं, याचं उत्तर नसतं. जुलै २०२४मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात रुग्णांची नावं छापलेल्या कागदाच्या खाण्याच्या प्लेटी फिरत असल्याचा व्हिडिओ माजी महापौरांनी समोर आणला. ते रिपोर्ट नव्हेत, सीटी स्कॅनची भंगारात दिलेली जुनी पाकिटं आहेत, असा खुलासा रुग्णालयाने केला आणि महापालिकेने कर्मचाऱ्यांना नोटिसा दिल्या. खुलासा मान्य केला तरी रुग्णाचं नाव असलेला कागद भंगारात जाताना कुणाला काही वाटलं नाही, एवढं उरतंच. सरकारी रुग्णालयांच्या बाबतीत एक सोय मात्र आहे: माहिती अधिकार. आपल्याच केसपेपरसाठी तो अर्ज करावा लागणं लाजिरवाणं आहे, पण तो चालतो.

७. तीन वर्षं पुरत नाहीत. २००२च्या नियमांनुसार दाखल रुग्णाचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायचं. अपेंडिक्ससाठी ठीक. पण शरीरात कायमचं काही बसवलं असेल तर? जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचा 'एएसआर' नावाचा खुब्याचा कृत्रिम सांधा २०१०मध्ये जगभरातून परत मागवण्यात आला. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यावर आवाज उठवला, पुढे केंद्राने तज्ज्ञ समिती नेमली, भरपाईही ठरली. पण समितीच्या अहवालाच्या वेळी साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता. भरपाई कुणाला द्यायची तेच माहीत नाही. त्या रुग्णांच्या घरी ऑपरेशनच्या नोंदीची प्रत असती, त्यावर सांध्याचं नाव आणि बॅच क्रमांक असता, तर पेपरातली बातमी वाचून ते स्वतःच पुढे आले असते. गुडघा, स्टेंट, पेसमेकर, डोळ्यातली लेन्स, काहीही बसवलं की त्याच्या पाकिटावरचं स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून द्यायला खर्च शून्य येतो.

८. "आता सगळं डिजिटल होणार" यावर विसंबू नका. सप्टेंबर २०२१पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा १४ अंकी 'आभा' क्रमांक काढता येतो. क्रमांक असतो, पण रुग्णालयाने त्यात कागद चढवले तर दिसतील ना. बाहेरची लॅब दोन तासांत व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवते, मग आत दाखल झालेल्या पेशंटलाच का नाही? तंत्र तेच, यंत्रंही पुष्कळदा तीच.

९. दाद कुणाकडे, यातच मोठी फट आहे. मेडिकल कौन्सिलचा अधिकार चालतो तो नोंदणीकृत डॉक्टरवर. फाईल अडवतो रेकॉर्ड विभागातला कारकून, आणि रुग्णालय असतं ट्रस्टचं किंवा कंपनीचं. केंद्राचा २०१०चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९४९चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. जन आरोग्य अभियान, साथी अशा संस्था वर्षानुवर्षं मागे लागल्या होत्या, आणि जानेवारी २०२१मध्ये या कायद्याच्या नियमांत रुग्ण हक्क सनद, दर्शनी भागात ती लावण्याचं बंधन आणि तक्रार निवारणाची तरतूद आली. अंमलबजावणी शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आहे. सनद लिफ्टमागच्या भिंतीवर लावणाऱ्या रुग्णालयांना नोटीस पाठवायला त्यांना वेगळ्या कायद्याची गरज नाही.

राज्याच्या आरोग्य विभागाने याच नियमांत तीन ओळी वाढवाव्यात. तपासणीच्या रिपोर्टची प्रत, छापील किंवा फोनवर, त्याच दिवशी पेशंटला द्यावी. डिस्चार्जच्या वेळी ऑपरेशनच्या नोंदींसह संपूर्ण इनडोअर पेपरची प्रत बिलासोबतच द्यावी, वेगळा अर्ज मागू नये. आणि शरीरात काही बसवलं असेल तर त्याचं रेकॉर्ड ती वस्तू शरीरात आहे तोवर जपावं.

हे होईपर्यंत अर्ज करावाच लागणार. तो अर्ध्या पानाचा असतो: पेशंटचं नाव, दाखल क्रमांक, तारखा, कोणते कागद हवेत, आणि २००२च्या नियमांनुसार ७२ तासांत मिळावेत ही ओळ. नकार तोंडी आला तर तो लेखी मागा. कुणी घेतच नसेल तर स्पीड पोस्टने पाठवा, रुग्णालयाच्या ईमेलवरही टाका. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत आहे, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर तारीख, वेळ, सही-शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. ७२ तास त्या शिक्क्यापासून मोजले जातात.