‘एक प्रकारचा मासा’

गेल्या वर्षी भाषांतराच्या उत्तरपत्रिका तपासताना आमच्यापुढे एक उतारा आला. मेक्सिकोच्या आखातातल्या एका बंदरावरचे कथानक, आणि मूळ इंग्रजीत ‘रेड स्नॅपर’ हा शब्द. एका विद्यार्थ्याने त्याचे ‘लाल मासा’ असे केले होते. आम्ही ते खोडून वर ‘तांबोशी’ लिहिले, दोन गुण कापले आणि मराठीची सेवा केल्याचे समाधान मानले. प्रस्तुत टिपण त्या समाधानाविषयी आहे.

तांबोशी आपल्या किनाऱ्यावर सर्वांच्या परिचयाची. नाव उघडच तांबूस रंगावरून आलेले. शास्त्रात तिला ‘लुटजानस अर्जेंटिमॅक्युलेटस’ म्हणतात. यातले पहिले पद बर्लिनचे वैद्य ब्लॉख यांनी १७९० साली एका मलायी मत्स्यनामावरून घेतले. दुसऱ्याचा लॅटिनमधला अर्थ ‘रुपेरी ठिपक्यांचा’. मराठीला या माशात तांबे दिसले आणि लॅटिनला चांदी! कोणाचे खरे मानावे?

चांदी पाहणारा पेटर फोर्सकोल हा लिनियसचा शिष्य. डेन्मार्कच्या राजाने १७६१ साली अरबस्तानात धाडलेल्या मोहिमेत तो निसर्गअभ्यासक म्हणून होता. तांबड्या समुद्रातले मासे त्याने टिपले, त्यांची अर्धी कातडी सोलून, वाळवून, वनस्पतींची पाने दाबावीत तशी कागदावर चिकटवली, आणि जुलै १७६३ मध्ये येमेनमध्ये तापाने तो वारला. वय अवघे ३१. सहा जणांच्या त्या मोहिमेतून एकटा कार्स्टन निबूर परतला. (त्याच वर्षी सप्टेंबरात तो मुंबईत उतरला, वर्षाहून अधिक काळ तिथे राहिला आणि त्या मुक्कामात घारापुरीची लेणी त्याने मापून काढली, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेल.) निबूर सर्वेक्षक आणि गणिती, प्राणिशास्त्र त्याचा विषय नव्हे. तरी मृत मित्राची टिपणे त्याने १७७५ साली कोपनहेगनला ग्रंथरूपाने छापली. तांबोशीचे पहिले शास्त्रीय वर्णन त्या ग्रंथातले. पाठसंपादनाच्या अभ्यासकांनी पाहावा असा हा मरणोत्तर ग्रंथ आहे. त्यातली कित्येक जातिनामे, ‘बोहार’ आणि ‘कास्मिरा’ ही त्यांतलीच, फोर्सकोलने तिथल्या अरबी बोलीतून जशीच्या तशी उचलली. ‘कास्मिरा’त काश्मीर शोधणाऱ्यांची निराशा होईल.

वाळल्या कातड्यावर रंग राहत नाही. मेलेला मासा पाहता पाहता निस्तेज होतो, आणि जिवंतपणीही तांबोशी एकरंगी नसते: खाडीतली पाठीवर हिरवट तपकिरी, खोल पाण्यातली अंगभर तांबडी. पिल्लाच्या कुशीवर सुमारे आठ पांढुरके उभे पट्टे असतात आणि गालावर एक-दोन निळ्या रेघा. ते खारफुटीच्या मुळांत वाढते, मोठे झाले की बाहेर खडकाळ समुद्राकडे जाते. म्हणून वर्णन करणारा शास्त्रज्ञ रंगावर विसंबत नाही. तो मोजतो. पाठीच्या परात दहा काटे, त्यांमागे तेरा-चौदा मऊ किरण. गुदपरात तीन काटे, आठ किरण. त्या परांची मागची कड गोलाकार. टाळूच्या पुढच्या भागातल्या दातांचा पट्टा चंद्रकोरीसारखा. पाठीवरच्या खवल्यांच्या ओळी पार्श्वरेषेला समांतर. पण मागच्या भागात कधी कधी तिरक्या चढतात, क्वचित सगळ्याच तिरक्या. आम्हाला या वर्णनातले ‘कधी कधी’ आणि ‘क्वचित’ फार मोलाचे वाटतात. नियमाला न जुमानणारा नमुना वर्णनकर्त्याने लपवला नाही. त्याला वाक्यात जागा दिली. समीक्षेत इतका प्रामाणिकपणा आम्हाला फारसा आढळत नाही.

खरे तर हे सारे आपल्याला परके वाटू नये. अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव हे लक्षणाचे तीन दोष आपण शिकवतो; मम्मटाच्या काव्यलक्षणावर विश्वनाथाने घेतलेले आक्षेप परीक्षेला विचारतो. न्यायशास्त्राच्या पाठात अव्याप्तीचे ठरलेले उदाहरणच मुळी रंगाचे आहे: कपिल वर्णाची ती गाय. हा निकष ‘लाल मासा’ला लावून पाहावा. राणी मासाही लालसर, म्हणून अतिव्याप्ती. तांबोशीचे पट्टेदार पिल्लू बाहेर राहते, म्हणून अव्याप्ती. गुण कापताना हे आम्हाला इतके नेमके सुचले नव्हते, पण निर्णय योग्य होता, असे वाटले.

मग कथेतल्या माशाची चौकशी केली. मेक्सिकोच्या आखातातला ‘रेड स्नॅपर’ म्हणजे ‘लुटजानस कॅम्पेकॅनस’. कुळ तेच, जात वेगळी. पोए यांनी १८६० साली तिचे वर्णन केले. तिच्या गुदपराचे मऊ किरण बहुधा नऊ आणि पराची मागची कड टोकदार. अरबी समुद्रात ती नाहीच. म्हणजे विद्यार्थ्याने ढोबळ लिहिले, आणि आम्ही चूक लिहिले. त्याचा ‘लाल मासा’ अपुरा होता. आमची ‘तांबोशी’ ठसठशीत, अस्सल कोकणी आणि खोटी होती. मूळ इंग्रजी नावाचीही फारशी पत उरलेली नाही: २००४ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेत ‘रेड स्नॅपर’ म्हणून विकले गेलेले सुमारे तीन-चतुर्थांश नमुने जनुकीय तपासणीत भलत्याच जातींचे निघाले.

यावर कोणी म्हणेल, ललित लेखनाला एवढी काटेकोर जात हवी कशाला? वाचकाला समुद्राचा वास आला म्हणजे झाले. आम्हाला हे मान्य नाही. वास एका विशिष्ट समुद्राचा असतो, आणि मेक्सिकोच्या कोळ्याच्या जाळ्यात मालवणची तांबोशी घातली की तो समुद्र पुसला जातो. आमच्या मते ‘तिकडची तांबोशी’ असे काहीसे लिहून तळटीप द्यावी, किंवा ‘स्नॅपर’च ठेवावा. दोन्ही ओबडधोबड आहेत, याची आम्हाला कल्पना आहे.

मात्र त्या विद्यार्थ्याने हे शोधायचे कुठे? आपल्या कोशांत कितीतरी मत्स्यनामांपुढे ‘एक प्रकारचा मासा’ एवढाच अर्थ दिलेला असतो. मासळीबाजारात टोपली पुढे घेऊन बसलेली मावशी एका नजरेत तांबोशी निवडते. तिला कशावरून ओळखले म्हणून विचारले, तर ती डोके, खवले, पर असे बोट ठेवत सांगते. ते सांगणे मराठीतच असते. ते कोशात आलेले नाही आणि आपल्या निबंधांत तर नाहीच. तिथे आपण ‘निळाशार’ आणि ‘अथांग’ या दोन शब्दांवर अवघा समुद्र भागवतो.

त्या विद्यार्थ्याचे दोन गुण आम्ही परत दिले. यंदाच्या वर्गाला पहिला स्वाध्याय दिला आहे: बाजारातून कोणताही एक मासा पाहून यावा आणि रंगाचा एकही शब्द न वापरता त्याचे दहा ओळींत वर्णन करावे. आलेल्या वह्यांपैकी निम्म्यांची सुरुवात ‘चंदेरी’ने झाली आहे.