रजनीला भिंतीवर कुणी टांगले?

जुन्या विनोदी मालिका ‘निखळ’ होत्या, असे म्हणायची आपल्याकडे आता रीतच पडून गेली आहे. आजच्या सासू-सुनांच्या मालिकांना नावे ठेवायची असली की लगेच ‘ये जो है जिंदगी’, ‘वागळे की दुनिया’, ‘श्रीमान श्रीमती’, ‘हम पाँच’ यांच्या आरत्या सुरू होतात. कसे सगळे कुटुंब एकत्र बसून पाहता यायचे, कसे कुणाचे मन दुखावले जात नसे! २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘श्रीमान श्रीमती’ आणि ‘देख भाई देख’ पुन्हा दाखवल्या, तेव्हा तर या आठवणींना पूर आला. त्याच टाळेबंदीत राष्ट्रीय महिला आयोगाकडे येणाऱ्या घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी वाढल्या होत्या, ही गोष्ट त्या पुरात वाहून गेली. कुटुंब एकत्र असायचे हे खरे. त्यातले बसलेले कोण असायचे आणि उभे कोण, हे मात्र कुणी विचारत नाही.

आम्हा नागपूरकरांना हिंदी कधी परकी वाटली नाही. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशची राजधानी होते, बाजारात आणि शेजारात हिंदी होतीच. त्यामुळे ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ पुण्या-मुंबईकडच्यांचे लाडके असले, तरी आमचे खरे नाते जुळले ते १९८४ च्या ‘ये जो है जिंदगी’पासून. ज्या घरात टीव्ही त्या घरात अर्धी गल्ली. पुरुष आणि पोरे सतरंजीवर, आणि घरची बाई स्वयंपाकघराच्या दारात, एक डोळा पडद्यावर आणि एक तव्यावर. माझ्या पिढीच्या कितीतरी जणींनी या मालिका पाहिलेल्या नाहीत, ऐकलेल्या आहेत. सतीश शाह दर भागात वेगळे सोंग घेऊन येत, ते त्यांना आवाजावरून ठाऊक.

हे सगळे आत्ता निघायचे कारण म्हणजे माझी भाची. नोकरीसाठी ती पुण्याला निघाली. आदल्या रात्री घरात कुणीतरी टूम काढली, की जायच्या आधी आपल्या सगळ्यांच्या आवडत्या जुन्या मालिकांचे नंबर लावू, ही यादी घेऊन जा आणि तिकडे एकटी असलीस की पाहा. कल्पना गोडच. भाऊजींनी कागद घेतला आणि म्हणाले, “वागळेच्या वर कोणी जाऊच शकत नाही.” भाचा म्हणाला, ‘हम पाँच’. ताई आत चिवडा भरत होती. तिथून म्हणाली, “रजनी लिहा ना.” भाऊजी हसले. “ती कॉमेडी थोडीच होती? ती तं भांडतच राहे.” झाले! रजनी कागदावर आलीच नाही. ताईनेही पुन्हा म्हटले नाही, ती डब्याचे झाकण बसवत होती.

मैत्रिणींनो, या एका वाक्यात सगळे आले. बाई घरात नवऱ्याशी किंवा सासूशी भांडली तर ती कॉमेडी. तीच बाई पदर खोचून गॅस सिलेंडरवाल्याशी भांडली की ती कॉमेडी नाही, ‘भांडण’. बासू चटर्जींची ‘रजनी’ १९८५ साली आली. प्रिया तेंडुलकर त्यात साधी गृहिणी होत्या. गॅस वेळेवर मिळत नाही, टॅक्सीवाला अडवून पैसे घेतो, कचेरीतला बाबू दाद देत नाही, अशा रोजच्या गोष्टींवर ती बोट ठेवायची. मुंबईचे टॅक्सीचालक तिच्या विरोधात रस्त्यावर उतरले होते. तेव्हाही आपल्यापैकी काही जणींनी आक्षेप घेतला होता की रजनी नवऱ्याला, सासरला, हुंड्याला हात लावत नाही, दुकानदारापाशीच थांबते. आक्षेप बरोबर होता. तरीही एक बाई रोज घराचा उंबरा ओलांडते आणि हसे तिचे होत नाही, समोरच्या मुजोराचे होते, हे तोवर छोट्या पडद्यावर कितीदा घडले होते?

आता पुढे काय झाले ते पाहा. दहा वर्षांनी, १९९५ साली, झी टीव्हीवर ‘हम पाँच’ आली. अशोक सराफ यांचे आनंद माथुर, त्यांची दुसरी बायको, आणि पाच मुली. पहिली बायको वारलेली. तिचा हार घातलेला फोटो भिंतीवर, आणि तो फोटो नवऱ्याशी बोलतो. त्या फोटोत कोण? प्रिया तेंडुलकर. जी बाई दहा वर्षांपूर्वी गावभर फिरून जाब विचारत होती, तिला मारून चौकटीत बसवले आणि भिंतीवर टांगले. तिचे ऐकायला एकटा नवरा, आणि तोही त्रासलेला. हे कुणी मुद्दाम केले असे मला म्हणायचे नाही. पण मुद्दाम न करता इतके नेमके कसे साधते?

बरे, त्या पाच मुलींकडे पाहा. थोरली मीनाक्षी स्त्रीमुक्तीवाली, म्हणून ती हास्यास्पद. राधिकाला ऐकू कमी येते, म्हणून ती हास्यास्पद. काजल मुलासारखी राहते, पोशाख मुलाचा, बोलणे दादागिरीचे, म्हणून ‘काजलभाई’. आरशासमोरून न हटणारी स्वीटी आहेच. घरात पाच मुली असणे हीच बापावरची मोठी आपत्ती, आणि आपण हसायचे ते त्या आपत्तीवर. आपल्या सभांना येणाऱ्या बायकांना त्या काळी शेजारपाजारचे “आली मीनाक्षी!” म्हणायचे. चळवळीतली बाई कशी असते, हे ज्या घरांत आमचे एक पत्रकही पोचले नाही, तिथे मीनाक्षीने पोचवले.

‘श्रीमान श्रीमती’त नवरे एकमेकांच्या बायकांवर लाळ गाळतात, हा विषय. पण मला त्यातला दिलरुबा जास्त खुपतो. बायको सिनेमात काम करते आणि हा घर सांभाळतो. राकेश बेदींनी ती भूमिका छान केली, यात वाद नाही. विनोद कशाचा, तर पुरुष स्वयंपाक करतो याचा. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटे निघाली, पुरुषांची ९७. आपल्या मुलांनी दिलरुबाला हसत हसत मोठे व्हायचे आणि मग आपण त्यांच्याकडून पोळ्या लाटण्याची अपेक्षा करायची, हे जमायचे कसे?

‘तू तू मैं मैं’ची गंमत वेगळी. सासू रीमा लागू आणि सून सुप्रिया पिळगावकर. मालिका आली १९९४ साली, तेव्हा रीमाबाई जेमतेम छत्तिशीच्या, सुप्रिया सत्ताविशीच्या. नऊ वर्षांचे अंतर! दोघी एकमेकींना टोमणे मारत राहतात आणि ज्यांच्या सोयीसाठी त्या एका ओट्यापाशी उभ्या आहेत ते पुरुष मधल्यामध्ये ‘बिचारे’ ठरतात. या मालिकेची आठवण काढून आजच्या सासू-सुनांच्या मालिकांना नावे ठेवणाऱ्यांचे मला नवल वाटते. बी कुणी पेरले?

“विनोदच तो, इतके काय मनावर घ्यायचे?” हे उत्तर मला पाठ आहे. मी हसत नाही असे नाही. ‘वागळे’ मलाही आवडते. कारकुनाची पगाराच्या तारखेकडे लागलेली नजर आर. के. लक्ष्मण यांना नेमकी कळली होती, आणि भारती आचरेकरांची राधिका नवऱ्याला ओळखून असते, त्याची टर उडवू शकते. हसायला माझी ना नाही. कुणाच्या जिवावर हसतो, ते सांगा एवढेच म्हणते.

आणि ‘मी माहेरी निघून जाईन’ हा तर या सगळ्या खेळातला हुकमी विनोद. बाईने पिशवी भरली की पाठीमागे हशा ऐकू येतो. प्रत्यक्षात पिशवी भरून बाहेर पडलेल्या बाईला माहेरी दार उघडतेच असे नाही. २००५ चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा तिला राहत्या घरातून हाकलण्याला मनाई करतो, तो त्यासाठीच तर करावा लागला. हसण्यावारी नेलेली गोष्ट पोलीस ठाण्यातही हसण्यावारीच जाते. “जा बाई घरी, भांडी वाजणारच,” हे वाक्य तिथल्या हवालदाराने कुठून उचलले असेल?

माझी भाची घर सोडून गेली ती स्वतःच्या कमाईसाठी, कुणी हाकलले म्हणून नाही आणि लग्न होऊन नाही. तिच्यासोबत जाणारी यादी म्हणून मी नव्याने लिहून दिली. पहिली ‘रजनी’. दुसरी ‘वागळे’, भाऊजींच्या मानासाठी. तिसरी ‘ये जो है जिंदगी’. ‘हम पाँच’ खोडलेली नाही, सर्वांत खाली ठेवली आहे. तिने ती पाहावी, फोटोकडे लक्ष ठेवून पाहावी. भाऊजींना हे पटलेले नाही. रजनी बघून कुणाला हसू येत होते, असे ते अजून विचारतात. ताईला येत होते. स्वयंपाकघरात.