शाळेत जाणारी हिरवी मस्टँग

न्यू जर्सीतल्या एका शाळेत शिकवणाऱ्या रॉबी कीर्ननबाई १९७० च्या दशकात एका गडद हिरव्या मोटारीतून शाळेला जात. गाडी फोर्ड कंपनीची मस्टँग, १९६८ चे मॉडेल, इंजिनाचा आवाज चांगलाच भारदस्त. बाजारहाटही त्याच गाडीतून होई. घरात एक गाडी होती आणि ती वापरायची, एवढाच व्यवहार. तीच गाडी पुढे जगभरच्या शौकिनांनी शोधशोध शोधली आणि सापडली तेव्हा ती लाखो डॉलर्सची होती. मधल्या वर्षांत ती होती कुठे? बहुतेक काळ घरच्या गॅरेजात, धूळ खात.

अशा गाड्यांना अमेरिकेत 'मसल कार' म्हणतात. मध्यम आकाराची, दोन दारांची, बेताच्या किमतीची गाडी घ्यायची आणि तिच्यात थोरल्या गाडीचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवायचे, अशी ही जात. १९६४ मध्ये पाँटियाक कंपनीचे अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेंपेस्ट या साध्या गाडीत जवळपास ६.४ लिटरचे इंजिन बसवून 'जीटीओ' काढली आणि या शर्यतीला तोंड फुटले. मूळ कंपनी जनरल मोटर्सचा नियम असा होता की, या आकाराच्या गाडीत एवढे मोठे इंजिन बसवायचे नाही. पाँटियाकने पळवाट काढली. वेगळे मॉडेल म्हणून नव्हे, तर गिऱ्हाइकाने जादा पैसे देऊन मागितलेली सोय म्हणून ते इंजिन दिले! तरुण पोरांच्या उड्या पडल्या. पण हे वैभव दहा वर्षेही टिकले नाही. विम्याचे हप्ते भडकले, १९७० मध्ये हवा-प्रदूषणाचा कडक कायदा आला आणि १९७३ च्या तेलटंचाईने उरलीसुरली हौस फेडली. पेट्रोल पिणाऱ्या या गाड्या मग गॅरेजात, परसात, कोठारात पडून राहिल्या.

त्या पडलेल्या गाड्यांतूनच पुढे एक छंद उभा राहिला. अमेरिकेतल्या कितीतरी घरांत गॅरेजात एक अर्धवट उघडलेली गाडी असते. नोकरी सांभाळून, रात्री आणि शनिवार-रविवारी तिच्यावर काम चालते. सुरुवातीला वाटते, दोन वर्षांत होईल. दोनाची पाच होतात, पाचाची दहा. घरची खरी गाडी बिचारी पावसापाण्यात बाहेर उभी!

हे काम उघडण्यापुरते सोपे असते. एका सुट्टीत बंपर, दारे, सीटा निघतात, दुसऱ्या सुट्टीत इंजिन उतरते. शहाणा माणूस प्रत्येक बोल्ट वेगळ्या पिशवीत घालून वर चिठ्ठी लावतो आणि उघडण्याआधी फोटो काढून ठेवतो, कारण परत जोडायची वेळ येईल तेव्हा आठवण दगा देणार हे नक्की. मग गाठ पडते गंजाशी. मस्टँगला वेगळी चासी नाही, सगळा पत्राच ताण सोसतो. समोरच्या काचेखाली हवा आत घेण्याच्या जाळ्या असतात. तिथला पत्रा सडला की पावसाचे पाणी झिरपत थेट पाय ठेवायच्या जागी येते आणि वरून चकचकीत दिसणारी गाडी गालिच्याखाली चाळणी झालेली असते. सडलेला तळ कापून नवा जोडायचा तर आधी दारांच्या चौकटीत आडव्या सळया वेल्ड करून घ्याव्या लागतात. नाहीतर सांगाडा मुरडतो आणि मग दारे काही केल्या बसत नाहीत. ज्यांनी ही घाई केली त्यांनीच वर्षे घालवली. इंजिन त्या मानाने सरळ. बोअर, पिस्टन, रिंगा यांची मापे ठरलेली असतात, लेथवाल्याकडे काम होऊन येते. पत्र्याला मात्र माप नाही, तिथे हात आणि चिकाटी लागते.

कीर्नन कुटुंबाची कथा याच वाटेने गेली, पण तिला एक वेगळे वळण आहे. विमा क्षेत्रात नोकरी करणाऱ्या रॉबर्ट कीर्नन यांनी १९७४ मध्ये एका मोटार-मासिकातली जाहिरात पाहून ही मस्टँग ६,००० डॉलर्सना घेतली. त्या पैशांत नवी कोरी मस्टँग येऊन वर पैसे उरले असते. पण ही गाडी साधी नव्हती. 'बुलिट' या १९६८ च्या चित्रपटात सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून नायक स्टीव्ह मॅक्वीन याने पळवलेली गाडी ती हीच. सुमारे अकरा मिनिटांच्या त्या पाठलागाने चित्रपटाच्या संकलकाला ऑस्कर मिळवून दिले. चित्रणासाठी दोन मस्टँग वापरल्या होत्या. उड्या मारणारी दुसरी गाडी पार मोडकळली. ही पहिली स्टुडिओतल्या एका कर्मचाऱ्याने घेतली, त्याच्याकडून एका पोलिसाकडे आणि तिथून कीर्ननांकडे आली.

१९७७ मध्ये खुद्द मॅक्वीन याचे पत्र आले. गाडी आपल्याला परत हवी आहे, बदल्यात दुसरी मस्टँग शोधून देतो, मात्र किंमत फार नसावी, असा मजकूर. एवढ्या मोठ्या नटाचे पत्र, दुसरा कोणी असता तर हुरळून गेला असता. कीर्ननांनी गाडी दिली नाही. १९८० मध्ये क्लच गेला, तेव्हा गाडीचे सुमारे ६५ हजार मैल झाले होते. दुरुस्ती 'करू, करू' म्हणत राहिली. त्याच वर्षी मॅक्वीन वारला. पुढे कुटुंबाची घरे बदलली, राज्ये बदलली, बंद पडलेली गाडी दर वेळी सामानाबरोबर नव्या गॅरेजात गेली आणि शेवटी टेनेसी राज्यात विसावली. गाडी कोणती आहे हे बाहेर बोलायचे नाही, हा घरचा शिरस्ता.

२००१ मध्ये वडिलांनी आणि विशीतल्या शॉनने गाडी उघडायला घेतली. बापलेकांनी मिळून एकेक भाग सुटा करायचा, दुरुस्त करायचा आणि पुन्हा जोडायचा, असा बेत होता. तेवढ्यात वडिलांना पार्किन्सन जडला. या आजारात हातांना कंप सुटतो, हालचाली मंदावतात. पाना धरणाऱ्या हातांना याहून वाईट काय असणार? काम थांबले. गाडी सुट्या भागांत पडून राहिली आणि २०१४ मध्ये रॉबर्ट कीर्नन वारले.

पुढे काय करायचे, हे आता एकट्या शॉनने ठरवायचे होते. तो स्वतः गाड्यांच्या रंगाच्या व्यवसायातला. लांबी भरून, घासून, नवा हिरवा रंग मारून गाडी आरशासारखी करणे त्याला सहज जमले असते. बहुतेक हौशी लोक तेच करतात आणि त्यात त्यांची काही चूकही नाही. त्याने इंजिन आणि यांत्रिक भाग परत जोडून गाडी चालती केली, पण बाहेरच्या पत्र्याला हात लावला नाही. उडालेला रंग, गंजाचे डाग, पोचे, सगळे जसेच्या तसे ठेवले.

हा संयम फार मोलाचा ठरला. गाडीखाली कॅमेरा बांधण्यासाठी स्टुडिओने वेल्ड केलेल्या पट्ट्या आणि चित्रणाच्या सामानासाठी डिकीत पाडलेली भोके अजून तशीच होती. कुठल्याही नेटक्या कारागिराने 'ही कसली घाण' म्हणून पट्ट्या कापल्या असत्या, भोके बुजवली असती. गाडीचा क्रमांक फोर्डच्या जुन्या नोंदींशी जुळला आणि या खुणांनी तो खरा ठरवला. नव्याने घडवलेल्या गाडीबद्दल अशी खात्री देणे कठीण. जुन्या मस्टँगची पूर्ण नवी बॉडीसुद्धा हल्ली अमेरिकेत विकत मिळते, तेव्हा 'मूळ गाडी' म्हणजे नेमके किती टक्के, हा वाद शौकिनांत कायमचा आहे.

जानेवारी २०१८ मध्ये डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात, फोर्डच्या नव्या 'बुलिट' मस्टँगशेजारी, ही जुनी गाडी त्या गंजक्या अवतारातच उभी राहिली. तिची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या यादीतही झाली. दोन वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, फ्लोरिडातल्या लिलावात ती खर्चासह ३७ लाख ४० हजार डॉलर्सना गेली. तेव्हाच्या दराने हे सव्वीस कोटी रुपयांहून अधिक होतात. सर्वसाधारण घरगुती प्रकल्पाचा हिशेब नेमका उलटा असतो. पत्रा, रंग, क्रोम आणि इंजिन यांचा खर्च मांडला तर तयार गाडी विकत घेणे स्वस्त पडले असते, असे दिसते. म्हणून जाणती मंडळी पावत्या जपून ठेवतात, पण त्यांची बेरीज करीत नाहीत.

१९७४ साली ६,००० डॉलर्सना आलेली ती गाडी घरातून गेली, तेव्हा तिच्यातून शाळेत जाणाऱ्या बाई आजी झालेल्या होत्या.