खोली भाड्याने द्या, पण आधी कागद करा



गेल्या वर्षी जानेवारीतल्या एका रविवारी विहारातील वंदना आटोपली आणि आमच्या वस्तीतील एक मावशी माझ्याजवळ येऊन बसल्या. डोळ्यांत पाणी होते. "भाऊ, माझी खोली गेली हो," एवढेच त्या म्हणाल्या.

मावशींचे यजमान रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या फंडातून त्यांनी बदलापूरला वन रूम किचन घेतले. पुढे ते वारले. खोलीचे महिना 5,000 रुपये भाडे येई आणि त्यातून धाकट्या मुलीच्या नर्सिंग कोर्सची फी भागे. भाडेकरू एका नातेवाइकाच्या ओळखीचा. 25,000 रुपये डिपॉझिट घेतले आणि किल्ली दिली. ओळखीचाच माणूस, मग कागद कशाला? सात महिने भाडे आले नव्हते. पाच महिन्यांत डिपॉझिट संपले होते आणि वर 10,000 रुपये थकले होते. भाडेकरू फोनही उचलत नव्हता.

मुलगा तर पेटून उठला होता. "चार पोरं घेऊन जातो, लाईट तोडतो, सामान बाहेर टाकतो," म्हणत होता. मी त्याला थांबवले. भाडेकरूचे वीज-पाणी तोडण्याची आणि त्याला धाकदपटशाने बाहेर काढण्याची मुभा कायदा घरमालकाला देत नाही. तसे केले असते तर भाडे थकवणारा फिर्यादी झाला असता आणि आपला मुलगा आरोपी.

पुढच्या रविवारी मी, मावशी आणि ते नातेवाईक असे तिघे बदलापूरला गेलो. भाडेकरू खाली मान घालून बसला होता. तो कंत्राटी कामगार, कंपनी बंद पडलेली. मुलगी दहावीला. लाजेपोटी फोन घेत नव्हता. तासभर बोलणे झाले आणि तिथेच कागदावर लिहिले: मुलीची परीक्षा होईपर्यंत राहावे, दरमहा 2,000 रुपये द्यावेत, एप्रिलअखेर खोली सोडावी. दोघांनी सह्या केल्या, आम्ही साक्षीदार राहिलो. त्याने शब्द पाळला. सगळे पैसे मिळाले नाहीत, पण खोली मिळाली. नर्सिंगच्या फीसाठी मात्र मावशींना कानातले गहाण ठेवावे लागले.

हे सगळे टळले असते का? बरेचसे टळले असते.

जुन्या पिढीच्या मनात एक भीती आहे की भाडेकरू ठेवला की खोली गेली. ती उगाच नाही. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याखाली भाडी गोठलेली होती. 1973 साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी लायसन्सवर राहत असलेल्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. पण 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू आहे. त्यात लिव्ह अँड लायसन्सने राहायला दिलेल्या घराची मुदत संपल्यावर ते परत मिळवण्यासाठी कलम 24 आहे. मुदत संपूनही माणूस निघाला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते.

मात्र त्यासाठी हाती कागद हवा. पुष्कळ लोक म्हणतात, अकरा महिन्यांचा करार स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी केला की झाले. महाराष्ट्रात हे चुकीचे आहे. याच कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी असला पाहिजे आणि तो नोंदवलाही पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरले जाते, तुम्ही ते खोटे ठरवेपर्यंत. मावशींपाशी तर चिठोरेही नव्हते.

आता खर्च पाहू. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का असते आणि डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून ते भाड्यात मिळवतात. मावशींच्या खोलीचा अकरा महिन्यांचा हिशेब केला तर हे शुल्क दीडशे रुपयांच्या आसपास येते. नोंदणी शुल्क शहरी भागात 1,000 आणि ग्रामीण भागात 500 रुपये. एजंटाकडून करून घेतले तर त्याची फी वेगळी. आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा देऊन ही नोंदणी घरबसल्याही होते. हा खर्च कोणी करायचा ते आधीच ठरवा. निम्मा-निम्मा केला तर कोणालाच जड जात नाही.

करारात या गोष्टी स्पष्ट असाव्यात: मुदत, भाडे, ते कोणत्या तारखेला द्यायचे, डिपॉझिट किती आणि ते खोली सोडताना कशातून वळते होईल, लाईट बिल कोण भरणार, लहान दुरुस्ती कोणाची आणि मोठी कोणाची, खोली सोडायची तर किती दिवस आधी सांगायचे. किल्ली देताना पंखे, नळ, मीटरचे रीडिंग, भिंतींची अवस्था दोघांनी मिळून पाहावी, लिहावी आणि सही करावी. मोबाईलवर फोटोही काढून ठेवावेत. शेवटच्या दिवशीची निम्मी भांडणे तिथेच मिटतात. जवळच्या पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यावी. सोसायटी असेल तर तिलाही कळवावे. न राहण्यापोटी सोसायटी जे शुल्क घेते ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे लक्षात असू द्या.

दर महिन्याला भाड्याची पावती द्या आणि एका वहीत नोंद ठेवा. भाडे दहा दिवस लांबले की स्वतः जाऊन विचारा. सात महिने वाट पाहिली की माणूस तोंड लपवू लागतो. महिन्या-दोन महिन्यांत विचारले तर अडचण कळते आणि वाट काढता येते. मात्र न सांगता, वेळी-अवेळी दार ठोठावू नका. खोली आपली असली तरी आत संसार त्यांचा आहे.

आणखी एक हिशेब. मावशी वर्षाचे 60,000 रुपये धरून चालल्या होत्या. त्यातून एखादा महिना खोली रिकामी राहिली तर 5,000 गेले, मेंटेनन्सचे महिना 500 प्रमाणे 6,000, घरपट्टी आणि रंग-दुरुस्तीचे 4,000 धरा. हाती 45,000 उरतात, म्हणजे महिना 3,750. फीचा हिशेब याच आकड्यावर करावा. डिपॉझिट तर आपले नसतेच. ते बँकेत वेगळे ठेवावे, नाहीतर परत देण्याच्या दिवशी तोंडचे पाणी पळते.

नवा भाडेकरू शोधताना मावशी म्हणाल्या, "आता आपल्या माणसाशिवाय कुणाला देणार नाही." मी म्हटले, मावशी, ज्याने भाडे थकवले तो आपलाच होता. आणि परक्याला नाकारण्याचा हिशेब आपण तरी मांडू नये. 1917 साली परदेशात उच्च शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या बाबासाहेबांना तिथे राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेली माणसे आली आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावले. आजही आपल्या मुलांना आडनाव विचारून खोली नाकारली जाते. आपण विचारायचे ते कामाचे ठिकाण, पगाराची स्लिप आणि आधीच्या घरमालकाचा अनुभव. जात-धर्म विचारायचा नाही.

मावशींनी ऐकले. आता त्यांच्या खोलीत वेगळ्या धर्माचे एक कुटुंब आहे. करार नोंदवलेला आहे आणि भाडे पाच तारखेच्या आत येते. नोंदीची वही नर्सिंगला जाणारी मुलगीच लिहिते. परवा मावशी विहारात भेटल्या, तेव्हा कानातले सोडवून आणल्याचे त्यांनी आवर्जून सांगितले.

ज्यांची खोली आज तोंडी बोलीवर भाड्याने दिलेली आहे, त्यांनी भाडेकरूशी समजुतीने बोलून या महिन्यातच करार नोंदवून घ्यावा.

जय भीम.