मान पुरे, पगारपत्रक दाखवा

पैशाची सत्ता मोडायची असेल तर पैशाऐवजी सामाजिक आदरावर चालणारे चलन तयार करा, अशी मांडणी अलीकडे वरचेवर कानावर येते. कुणी चांगले काम केले की लोक त्याला आदराचे गुण देतील, ते खात्यात जमा होतील आणि त्यांच्या जोरावर घर, कर्ज, नोकरी मिळेल. ज्याच्याकडे पैसा नाही पण चांगुलपणा आहे, त्यालाही मग दार उघडेल. ऐकायला गोड आहे. कोरी डॉक्टरो या लेखकाने २००३ सालच्या एका कादंबरीत असेच चलन कल्पिले होते. पुढे त्यानेच लिहिले की अशा व्यवस्थेतली विषमता पैशाच्या विषमतेपेक्षाही वाईट असते. आपल्याला हे कळायला कादंबरीची गरज नव्हती. आपण जिथे जन्मलो तिथे हे चलन शतकानुशतके चालू आहे. त्याचे नाव जात.

चलनाची तीन कामे अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्यात शिकवतात. त्याने किंमत मोजता यावी, व्यवहार करता यावा आणि ते साठवून ठेवता यावे. मान ही तिन्ही कामे चोख करतो. पालखीला पहिला खांदा कुणाचा, पंगतीत पहिले पान कुणाचे, हे गावात ठरलेले असते. ही झाली मोजणी. त्या मानावर तारणाशिवाय उधार मिळते, भाच्याला कुठेतरी चिकटवता येते, फौजदाराकडे शब्द टाकता येतो. हा झाला व्यवहार. आणि हा मान आडनावात भरून पुढच्या पिढीच्या हाती देता येतो. ही झाली साठवण. तिच्यावर कर नाही, महागाईने ती झिजत नाही आणि नोटाबंदीच्या रात्रीही ती बाद झाली नाही.

बाबासाहेबांनी जातीला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. वर जावे तसा आदर वाढतो, खाली यावे तसा तिरस्कार वाढतो. चलनाच्या भाषेत याचा अर्थ असा, की काहींच्या खात्यात जन्मतःच शिल्लक असते आणि काहींच्या खात्यावर जन्मतःच कर्ज. या चलनाचा विनिमयही एकाच दिशेने चालतो. वरच्या जातीचा गरीब माणूस आपल्या मानाचे रुपये करू शकतो. दलित अधिकाऱ्याला मात्र आपल्या रुपयांचा मान करून घेताना आडनाव विचारले जाते. त्याच्याकडे भाड्याचे पैसे असतात, घर मिळत नाही. घोडीचे पैसे दिलेले असतात, वरात अडवली जाते.

आपल्या आजा-पणजांनी हे चलन हाताळले आहे. महारांचे बावन्न हक्क म्हणून जे सांगितले जातात, त्यांत मेलेल्या जनावराचा हक्क होता, मढ्यावरच्या कापडाचा हक्क होता, दारोदार भाकर मागण्याचा हक्क होता. शब्द पाहा. हक्क! चोवीस तास गावाची वेठ करायची आणि बदल्यात रोख मजुरी नाही, तर ‘हक्क’ आणि ‘मान’ घ्यायचा. १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा म्हणून सांगितले. १९२८ मध्ये महार वतनाच्या गुलामीतून सुटका व्हावी म्हणून त्यांनी मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. त्यांचे म्हणणे साधे होते. सरकारचे काम करतो, तर सरकारने ठरलेला पगार द्यावा. ती वतने कायद्याने जायला १९५८ साल उजाडले. मानाच्या चलनातून रुपयाच्या चलनात यायला आपल्याला एवढा काळ लागला, आणि आता कुणी हसतमुखाने म्हणतो आहे की चला, परत जाऊ.

रिझर्व्ह बँक आणि बाबासाहेब यांचा संबंध सांगणारे फोटो आपण दर एप्रिलमध्ये स्टेटसला ठेवतो. ज्या पुस्तकावरून हे सांगितले जाते ते ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’, १९२३ सालचे, मात्र फार थोड्यांनी उघडले आहे. त्यातला एक धागा इथे नेमका कामी येतो. १८९३ मध्ये सरकारने लोकांसाठी चांदीच्या टांकसाळी बंद केल्या. त्यानंतर रुपयाची किंमत त्यातल्या चांदीवर न ठरता सरकारच्या धोरणावर ठरू लागली. केन्ससारख्या अर्थतज्ज्ञाने या पद्धतीची बाजू घेतली. बाबासाहेबांनी तिला विरोध केला. चलन काढणाऱ्याच्या मर्जीला आवर नसेल तर तो वाटेल तेवढे चलन काढतो, भाव चढतात आणि मजुरी मागे राहते. म्हणून ते नाण्याच्या रूपापेक्षा नाणे काढणाऱ्याच्या अधिकाराकडे बोट दाखवतात. त्या अधिकाराला मर्यादा कोण घालणार?

आदराच्या चलनाला हाच प्रश्न विचारा. आदर कोण काढणार? ‘समाज’, असे उत्तर येते. कोणता समाज? सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलणारा, गणेश मंडळाची पावती फाडणारा, गावच्या पारावर बसणारा? आजही मोबाईलवर जेवण मागवले की तारे देणारा घरात असतो आणि घेणारा दारात उभा असतो. किती तारे, हे घरातला ठरवतो आणि दारातल्याचे उद्याचे काम त्यावर अवलंबून राहते. तुमचे सामाजिक आदराचे चलन म्हणजे हेच दार, देशभर.

मी हे भिलाईच्या आमदी नगर हुडकोतून लिहिते आहे. भिलाईत या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधावे लागत नाही. सोव्हिएत मदतीने १९५५ च्या करारानंतर इथे पोलाद कारखाना उभा राहिला आणि १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली. विदर्भातून रेल्वेने आलेल्या आपल्या माणसांना इथे काय मिळाले? मान नव्हे. हजेरी कार्ड, पाळी, पगाराची तारीख, भविष्य निर्वाह निधी. जोनाथन पॅरी या मानववंशशास्त्रज्ञाने भिलाईत वर्षानुवर्षे अभ्यास करून २०२० मध्ये ‘क्लासेस ऑफ लेबर’ हे जाडजूड पुस्तक लिहिले. भिलाईची माणसे ‘नौकरी’ आणि ‘काम’ हे दोन शब्द वेगळे वापरतात, यावर त्याचा मोठा भर आहे. नौकरी म्हणजे कायम, कागदावरची. काम म्हणजे ठेकेदाराकडचे, आज आहे उद्या नाही. कायम कामगारांच्या पाळीत जातीची धार बोथट होत गेल्याचेही पॅरी नोंदवतात. ही किमया कुठल्या आदर सप्ताहाने केली नाही. बाजूच्या माणसाचा पगार तुमच्या मेहेरबानीवर नसला की त्याच्याशी बरोबरीने बोलावेच लागते. जातीची नाळ अशी थोडीफार तरी तुटते. आणि भिंतीपलीकडे ठेक्यावर राबणाऱ्या रेजाला कितीही ‘दीदी’ म्हटले तरी तिची उद्याची हजेरी ठेकेदाराच्याच हातात राहते.

याच हुडकोत २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे शंकर गुहा नियोगींना झोपेत गोळी घातली गेली. त्यांच्या संघटनेच्या मागण्या काय होत्या? भिलाईच्या खाजगी कारखान्यांतल्या ठेका कामगारांना कायम करा, जगता येईल एवढे वेतन द्या, कामावरून काढलेल्यांना परत घ्या. ‘आमचा आदर करा’ ही मागणी घेऊन ते आले असते तर एखाद्या मालकाने शाल-श्रीफळ देऊन बोळवणही केली असती. सत्र न्यायालयाने १९९७ मध्ये ज्या उद्योगपतींना दोषी धरले, ते उच्च न्यायालयात सुटले आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका कायम ठेवली. गोळी झाडणाऱ्याला जन्मठेप झाली. नियोगींच्या फोटोला हार दरवर्षी पडतात, ठेकेदारी मात्र तशीच आहे. हार स्वस्त असतो, कायम नोकरी महाग. म्हणून हार लगेच मिळतो.

हीच हातचलाखी सरकारने आपल्या भाषेतच करून ठेवली आहे. मराठीत तिचे नाव मानधन, इकडे हिंदीत मानदेय. छत्तीसगडमध्ये २००२ मध्ये मितानिन कार्यक्रम सुरू झाला. मितान म्हणजे विधिपूर्वक जोडलेला जिवलग मित्र. किती सुंदर शब्द! पण मितानिनला पगार नव्हता, ती स्वयंसेविका होती. पुढे कामागणिक प्रोत्साहन रक्कम आली. तिच्याच धर्तीवर २००५ मध्ये देशभर ‘आशा’ आल्या. त्याही कागदोपत्री मानसेवीच. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा जागतिक सन्मान केला. सन्मान जिनिव्हाहून आला, किमान वेतन मुंबईहून आणि रायपूरहून आले नाही. मानधन हा शब्द वापरला की ती बाई कामगार उरत नाही, आणि कामगार नाही म्हटले की कामगार कायदा दाराबाहेर. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अंगणवाडी सेविकांच्या ग्रॅच्युइटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की हे मानधन म्हणजे त्या कायद्यापुरते वेतनच आहे. एका शब्दाचा बुरखा काढायला बायकांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

सफाई कामगारांचे तेच. २०१९ च्या कुंभमेळ्यात पंतप्रधानांनी त्यांचे पाय धुतले. पाय धुतल्याने गटारात उतरणे थांबले नाही. हे काम पवित्र आहे, सेवा आहे, असे सांगून माणसाला त्याच कामात अडकवणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी गांधीवादाच्या चिकित्सेत १९४५ मध्येच लिहून ठेवले आहे.

आता आपल्या अंगणात येऊ. आपल्यापैकी बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर. विद्यापीठात आपल्याला दोन चलने भेटतात. लेखी परीक्षा हे रोख चलन. तिथे उत्तरपत्रिकेवर आडनाव नसते. तोंडी परीक्षा, शिफारसपत्र, ‘हा मुलगा आपल्यात बसेल का’ ही कुजबुज, हे मानाचे चलन. जेएनयूतल्या नफे समितीने २०१६ मध्ये लेखी आणि तोंडी गुणांतला फरक तपासला, त्यात भेदभावाचा कल दिसला, आणि समितीने तोंडीचे गुण तीसवरून पंधरावर आणावेत अशी शिफारस केली. त्याच वर्षी यूजीसीचे नवे नियम आले आणि त्यांच्या आधारे तिथे प्रवेशाचा सगळा निकाल तोंडीवर सोपवला गेला. रोख चलन बाद, मानाचे चलन चालू. याहून मोठी नोटाबंदी आपल्या पिढीने पाहिलेली नाही.

त्याच वर्षाच्या जानेवारीत रोहित वेमुला गेला. त्याच्या पत्रातली ताऱ्यांची भाषा सगळ्यांनी फिरवली. पण त्याच पत्रात त्याने सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा, एक लाख पंचाहत्तर हजार रुपयांचा हिशोब मांडला आहे आणि तो घरच्यांना मिळावा असे म्हटले आहे. त्याच्या नावाने श्रद्धांजलीचे डोंगर उभे राहिले. आपण त्या आकड्यावर बोट ठेवू या.

कुणी विचारेल, मग तुम्हाला आदर नको का? बाबासाहेबांची सगळी लढाई स्वाभिमानाचीच नव्हती का? होती. म्हणूनच फरक नीट करू. ज्याचे चलन होते ती वस्तू कुणाकडे जास्त आणि कुणाकडे कमी असावीच लागते, नाहीतर ती चलन म्हणून चालतच नाही. सगळ्यांकडे सारखाच आणि न संपणारा मान असेल तर त्याने काहीही विकत घेता येणार नाही. संविधानाच्या उद्देशिकेत ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ आहे ती अशी. ती कमवावी लागत नाही, खर्च होत नाही, कुणी गुण दिले नाहीत म्हणून घटत नाही. तिचे चलन करणे म्हणजे तिच्यावर पुन्हा श्रेणी बसवणे. जपानमध्ये वृद्धांची सेवा केलेले तास जमा करून पुढे सेवेच्याच रूपात वापरायची ‘फुरेआई किप्पू’ ही पद्धत आहे. त्यावर चर्चा करायला माझी ना नाही, कारण तिथे तास मोजतात. माणूस मोजत नाहीत.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी कुणी तुम्हाला पदव्या, शाली, ‘समाजभूषण’ आणि ‘सेवाव्रती’ देऊ लागले, तर नम्रपणे चार गोष्टी विचारा. नेमणूकपत्र कुठे आहे? महिना किती आणि कोणत्या तारखेला? गुण कोण देणार, आणि त्या समितीत आपले कोण? चूक झाली तर दाद कुठे मागायची? ज्याच्याकडे या चारांची उत्तरे आहेत त्याने आदर नाही दिला तरी चालेल. तो आपला आपण घेऊन आलो आहोत.

जय भीम.