घडी विस्कटली तर?

परवा पाहुणे यायचे म्हणून घरी पाव करायला घेतला. घाईघाईत यीस्टवर कढत पाणी ओतलं आणि तासभर वाट पाहिली. पीठ काही फुगेना! शेवटी त्याच्या पोळ्या लाटल्या.

यीस्ट ही नुसती पूड नव्हे, त्या जिवंत पेशी आहेत, हेच मी विसरले होते. या पेशींत सतत नवी प्रथिने तयार होतात. प्रथिन आधी लांबलचक दोऱ्यासारखं असतं. त्याची नीट घडी बसली तरच ते कामाचं. पुष्कळ प्रथिनांच्या घडीसाठी पेशीत वेगळी खोलीच असते म्हणा ना. तिथे मदतनीस प्रथिने असतात. नव्या नवरीबरोबर पाठराखीण जाते, तशी ती नवख्या प्रथिनांना सांभाळतात. काहींना तिथेच साखर आणि स्निग्ध पदार्थ यांची खुंटी जोडली जाते. तिच्या आधारानं ती पेशीच्या बाहेरच्या अंगाला टिकतात.

खुंटी नीट जोडली गेली नाही किंवा घडी विस्कटली, की ही प्रथिने खोलीत साचू लागतात. मग यीस्ट काय करतं? खोलीच्या पडद्यातलं ‘आयआरई-१’ नावाचं प्रथिन हा पसारा ओळखून निरोप धाडतं. त्यासरशी पाठराखिणी वाढतात, खोली ऐसपैस होते आणि सुधारण्यापलीकडची प्रथिने बाहेर काढून मोडीत निघतात. या प्रथिनाचं हे काम १९९३ मध्ये अमेरिकेत पीटर वॉल्टर आणि काझुतोशी मोरी यांच्या गटांनी स्वतंत्रपणे यीस्टमध्येच शोधलं. २०१४ मध्ये दोघांना लास्कर पारितोषिक मिळालं. आपल्या शरीरातही अशीच व्यवस्था आहे. मात्र ताण हटलाच नाही, तर पेशी अखेर मरते.

कढत पाण्यापुढे तर यीस्टचा काहीच इलाज चालत नाही. अंड्यातला पांढरा बलक एकदा शिजला की पुन्हा पातळ होत नाही, तशी गत होते. म्हणून पाणी बोटाला सोसेल इतकंच कोमट घ्या, चिमूटभर साखर घाला, दहा-पंधरा मिनिटांत फेस आला तरच ते पिठात मिसळा.

आणि हो, काम साचलं की यीस्टसुद्धा आधी मदतीचे हात वाढवतं. त्या दिवशी कांदा चिरायला मी ह्यांना हाक मारली असती, तर पाणी निवेपर्यंत थांबायला मला दोन मिनिटं नक्की मिळाली असती!